बर्फाचं रीळ

रीळ म्हणजे काय, हे हल्ली सांगावं लागतं. माझ्या नातीला विचारलं तर ती मोबाइल पुढं करते आणि त्यात कुणीतरी बाई नाचत असते. तेव्हा तेवढं आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच कुणी विचारून माझं डोकं फिरवायला नको. आमच्या वेळी पिक्चर पत्र्याच्या गोल डब्यांतून यायचा. एका डब्यात एक रीळ. एक रीळ चालायला माणूस निवांत जेवून हात धुईल एवढा वेळ लागायचा. असे सगळे डबे ओळीनं चालवले की झाला पिक्चर.

आता सोलापुरात दोन टॉकीज मिळून पिक्चरची एकच पेटी मागवायच्या. एक टॉकीज मोठी, तिला आमच्या घरात थोरली म्हणायचे. दुसरी गिरणीच्या पलीकडं, पत्र्याची, ती धाकटी. थोरलीत शो आधी सुरू व्हायचा, धाकटीत नंतर. थोरलीत एक रीळ संपलं की ते उलटं गुंडाळायचं, डब्यात घालायचं, सायकलला बांधायचं आणि धाकटीतलं आधीचं रीळ संपायच्या आत तिथं नेऊन द्यायचं. ते दिलं की परत फिरायचं, पुढचं आणायला. असं पिक्चर संपेपर्यंत. हे काम करणारा माणूस म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो आणि गाव त्यांना रीळवाला म्हणायचं.

काही लोकांना वाटायचं, सायकलवर डबे वाहायला काय अक्कल लागते! लागते की. वारा कुठून आहे, गिरणीची पाळी कधी सुटणार, कुठल्या बोळात लग्नाचा मांडव पडलाय, हे सगळं डोक्यात ठेवावं लागतं. आप्पांचं एकच म्हणणं होतं, "पडदा पांढरा पडता कामा नये." रीळ वेळेत आलं नाही की पडदा पांढरा पडतो, पब्लिक शिट्ट्या मारतं, खुर्च्या मोडतं आणि रीळवाल्याच्या आईबहिणीचा उद्धार होतो. आप्पांच्या सगळ्या नोकरीत त्यांच्यामुळं पडदा एकदाही पांढरा पडला नव्हता. ते हे कुणाला सांगत फिरायचे नाहीत. आई सांगायची, नळावर, भांड्यांच्या रांगेत, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

आणि आप्पांचा एकच शत्रू होता, वन्समोर.

नाटकात गाणं आवडलं की वन्समोर मागतात हे सगळ्यांना माहीत असतं. आमच्या सोलापूरचं पब्लिक पिक्चरला वन्समोर मागायचं! एखादी मारामारी, एखादं गाणं मनाला आलं की चिल्लर पडद्यावर फेकायचे, बाकड्यांवर उभे राहायचे, आणि ऑपरेटर बिचारा तेच रीळ उलटं गुंडाळून परत लावायचा. थोरलीत असा वन्समोर झाला की इकडं धाकटीत बोंब. आप्पा घरी येऊन हातपाय धुताना शिव्या घालायचे. "एकदा बघून पोट भरत न्हाय व्हय रं? भाकरी हाय का ती, परत परत वाढायला?"

या सगळ्यात एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नव्हती, माझ्याही नाही. या माणसानं आख्खा पिक्चर कधी बघितलाच नव्हता. थोरलीत ऑपरेटरच्या केबिनच्या भोकातून थोडा, धाकटीत दाराआडून थोडा. मधलं सगळं रस्त्यात. कुणी विचारलं, "पिच्चर कसा हाय?" तर म्हणायचे, "सुरवात बरी हाय. शेवट बी बरा हाय. मधलं सायकलीवर गेलं."

मी तेव्हा विशीत होते. मॅट्रिक होऊन आईबरोबर विड्या वळत बसले होते आणि शिक्षिकेच्या ट्रेनिंगला नंबर लागायची वाट बघत होते. त्या वर्षी आप्पांचे डोळे गेले. म्हणजे एकदम नाही. आधी ते शेजारच्या घरात शिरले, आपलं म्हणून. शेजारीण हसली, आप्पाही हसले. मग एकदा त्यांनी पाण्याचा तांब्या समजून कंदिलाला हात घातला. तेव्हा कुणी हसलं नाही. आई त्यांना ओढत डॉक्टरकडं घेऊन गेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि एका डोळ्यात आणखी काहीतरी बिघाड. ऑपरेशन करावं लागेल, दिसेलच असं सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. दवाखान्यात शुक्रवारी भरती व्हायचं ठरलं. तोवर आप्पा रस्ता पाठ होता म्हणून सायकल चालवत होते.

आणि नेमका त्या आठवड्यात लाल गाडीचा पिक्चर लागला होता.

त्याचं खरं नाव इंग्रजी होतं, ते बोर्डावर रंगवणाऱ्यालाही वाचता येत नव्हतं. सगळं गाव त्याला लाल गाडीचा पिक्चरच म्हणायचं. कुठल्यातरी युरोपातल्या देशातला. तोंड एक बोलतंय आणि आवाज दुसराच येतोय, हे पुढच्या बाकांवरच्या आमच्या थर्डक्लासनं पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. गोष्ट अशी: समुद्राकाठचं एक गाव. तीन गडी आणि एक बाई मिळून सराफाच्या तळघरातून हिरे चोरतात. मग तिघं गडी एका इवल्याशा लाल गाडीत बसून पळतात आणि मागं सगळं पोलीसखातं. ती गाडी चर्चच्या पायऱ्या उतरते, वाळत घातलेल्या कपड्यांतून जाते, मासळीबाजारातून बर्फ उडवत जाते, आणि शेवटी धक्क्यावरून उडी मारून चालत्या बोटीवर पडते. ती उडी बघायला लोक अकलूजहून, श्रीपूरहून ट्रॅक्टर करून यायचे. खोटं सांगत नाही.

आप्पांनी ती उडी थोरलीच्या केबिनमधून रोज बघितली होती, कारण ते रीळ न्यायला ते तिथं थांबलेले असायचे. पण पोलिसांनी गाडी पकडल्यावर गाडीत हिरे नसतातच! मग हिरे गेले कुठं? ते पुढच्या रिळात होतं. आणि पुढचं रीळ थोरलीत चालू असताना आप्पा उडीचं रीळ घेऊन धाकटीच्या वाटेवर, आणि धाकटीत चालू असताना शेवटचं रीळ आणायला थोरलीच्या वाटेवर. आठवडाभर त्यांनी तो डबा आपल्या हातानं बांधला आणि सोडला, आणि त्यात काय आहे ते त्यांना माहीत नव्हतं. गल्लीतल्या पोरांनी सांगायचा प्रयत्न केला तर कानावर हात ठेवायचे. "सांगू नका रं. मी बघनार हाय."

बुधवारी जेवताना ते म्हणाले, "एक पिच्चर खुर्चीत बसून बघायचा हाय. सुरवातीपासनं शेवटापर्यंत. मग डोळं ऱ्हावू देत न्हायतर जाऊ देत."

गुरुवार हा शेवटचा दिवस. शुक्रवारी सकाळी पेटी रेल्वेनं पुढच्या गावाला जाणार आणि आप्पा दवाखान्यात. म्हणजे गुरुवारचा तीनचा खेळ, नाहीतर कधीच नाही.

"आणि रिळं कोण आननार?" आईनं विचारलं.

आप्पांनी हातातला घास ताटात ठेवला. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. खरं म्हणजे माझ्या दिशेनं बघितलं, मी नेमकी कुठं बसलेय ते त्यांना दिसत नसावं.

"ही आनंल की," ते म्हणाले.

आईनं जो काही तमाशा केला, तो सांगण्यासारखा नाही. लग्नाची पोरगी टॉकीजला सायकलवर डबे घेऊन जाणार, लोक तोंडात शेण घालतील, वगैरे वगैरे. मला सायकल येत होती. लहानपणी आप्पांच्याच सायकलवर दांडीखालून पाय घालून शिकले होते, आणि ढोपरं फोडून घेतली होती. माझं डोकं तापट, हे तर आता तुम्हाला कळलंच असेल. मी म्हटलं, "आई, लोक शेण घालायचे ते घालू देत. आप्पा उद्या खुर्चीत बसणार म्हणजे बसणार." आई भांडी आपटत आत गेली.

पण गुरुवारी दुपारी मी निघायला लागले तशी तिनं मला थांबवलं. मी पाचवारी साडी नेसले होते. "या साडीनं दांडीवरनं पाय टाकनार व्हय? दात पाडून घेशील," असं म्हणत तिनं आपलं नऊवारी लुगडं काढलं, मला नेसवलं आणि काष्टा असा घट्ट मारला की मला श्वास घेता येईना. मग माझ्या पाठीवर एक चापट मारली. "जा. आणि पडदा पांढरा पाडशील तर घरात घेनार न्हाय."

आप्पांना मी धाकटीत नेऊन बसवलं. लांबचं दिसत नव्हतं म्हणून खुर्ची सोडून अगदी पुढच्या बाकावर, पडद्यासमोर. इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी, मांडीवर शेंगांची पुडी. लग्नातला व्याही बसावा तसे बसले होते. मला म्हणाले, "पळ आता. मी पब्लिक हाय आज."

सुरुवातीची रिळं मी कशी नेली हे सांगत बसत नाही. लोकांनी बघितलं, एक-दोघांनी शिट्टी मारली, मी एकाला थांबून विचारलं की तुझ्या आईलाही अशीच शिट्टी मारतोस का, आणि मग कुणी मारली नाही. हिरे चोरीला जायचं रीळ मी धाकटीत दिलं तेव्हा माझ्या हाताशी वेळ होता. मला वाटलं, हात्तिच्या, यात काय आहे!

थोरलीत परत गेले तर जिन्यातच मला आरडाओरडा ऐकू आला. वन्समोर! वन्समोर! उडीचं रीळ नुकतंच संपलं होतं. शेवटचा दिवस म्हणून पब्लिक पिसाळलं होतं. थोरलीचे ऑपरेटर आप्पांच्या वयाचे, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. चाचांनी मशीन बंद केलं होतं आणि ते तेच रीळ उलटं गुंडाळायला लागले होते.

"चाचा, ते रीळ मला पाहिजे!"

"पब्लिक मंगरी, बेटी. नक्को कैसा बोलूं?"

"आप्पा बसलेत तिकडं! आज पहिल्यांदा बसलेत!"

चाचांचा हात थांबला. त्यांना माहीत होतं. पण खाली लोक बाकड्यांवर उभे होते आणि एकानं चप्पल भिरकावली ती केबिनच्या भोकापाशी येऊन आदळली. चाचांनी माझ्याकडं बघितलं, चपलेकडं बघितलं, आणि परत गुंडाळायला लागले. राग काय करणार त्यांचा. पण मला रडायला आलं. धाकटीत चोरीचं रीळ संपत आलं असणार. तिथं इंटरवलही मघाच होऊन गेला होता, कारण भजी गरम असतानाच इंटरवल करायचा हा तिथल्या कँटीनवाल्याचा हट्ट. म्हणजे आता पडदा पांढरा पडणार. आप्पांच्या डोळ्यांदेखत, आप्पांच्या पोरीच्या हातून.

तेवढ्यात माझी नजर बाकावरच्या डब्यावर गेली. पुढचं रीळ. हिऱ्यांचं काय झालं ते सांगणारं. ते अजून लागायचं होतं, म्हणजे सरळ गुंडाळलेलं, तयार.

मी तो डबा उचलला.

"अगे, ये क्या करी?" चाचा ओरडले. "मेरेकू लगता वो!"

"तुमचा इंटरवल राहिलाय. वन्समोर झाला की इंटरवल करा. मी आणून देते!" असं जिन्यातूनच ओरडून मी पळाले. इंग्रजी पिक्चर आखूड असायचे, म्हणून इंटरवल तसाही लांबलचक असायचा. चाचांना काय निस्तरायचं ते निस्तरू दे, असं माझ्या मनात आलं.

धाकटीचा ऑपरेटर विणकराच्या घरातला, तेलुगू बोलणारा, माझ्याच वयाचा तरुण होता. त्यानं डबा उघडला आणि त्याचा चेहरा उतरला. "अक्का, नंबर चुकलाय. हे पुढचं हाय. मधलं कुटंय?"

"मधलं नंतर येईल. हेच लाव."

"असं कसं लावू? चोरी झाली आनि पळाले कुटं?"

"कुणाला इंग्रजी कळतंय? लाव म्हणते ना!"

"तुझ्या आप्पांना कळेल की."

ते मात्र खरं होतं. सगळ्या टॉकीजमध्ये त्या एकाच माणसाला रिळांची ओळ पाठ होती. पण मशीनवरचं रीळ संपत आलं होतं. त्यानं देवाचं नाव घेतलं आणि लावलं.

मी भोकातून बघितलं. पडद्यावर बर्फाचा कारखाना. ती चोर बाई हिऱ्यांची पिशवी पाण्याच्या साच्यात रिकामी करते, पाण्याचा बर्फ होतो, आणि बर्फात हिरे दिसेनासे होतात. मग त्या लाद्या लॉरीत चढतात, वर भुसा पडतो, आणि बाई ड्रायव्हरशेजारी बसून निवांत सफरचंद खाते. हे सगळं आधी घडून गेलेलं आहे, असं तो पिक्चर मागाहून सांगत होता. गाडीतले तिघं गडी पोलिसांना भलतीकडं पळवण्यासाठीच पळत होते. पण धाकटीच्या पब्लिकला काय माहीत? त्यांना वाटलं, चोरी झाली, आता बाई हिरे लपवतेय. सरळ होतं सगळं. कुणी एक शिट्टी मारली नाही.

फक्त पहिल्या रांगेतली एक टोपी हलली. आप्पा वळून मागं बघत होते. एवढ्या लांबून त्यांना काय दिसणार, केबिनच्या भोकातला उजेड तेवढा. ते त्या उजेडाकडं बघत राहिले. मग हळूच परत वळले, पुडीतली शेंग फोडली आणि खायला लागले.

मला थांबायला वेळ नव्हता. आता उडीचं रीळ आणायचं होतं, बर्फाचं संपायच्या आत.

थोरलीत वन्समोर संपला, चाचांनी एकदाचं रीळ माझ्या हातात दिलं, आणि मी रस्त्याला लागले तोच गिरणीचा भोंगा झाला. पाळी सुटली. ज्यांनी तेव्हाचं सोलापूर बघितलंय त्यांना सांगायला नको. रस्ता म्हणून दिसतच नाही, नुसती माणसं आणि सायकली, आणि सगळी माझ्यासमोरून येणारी. "बाजू! बाजू! रीळ हाय!" मी ओरडत होते. कोण ऐकतंय! मग मी घातली सायकल डाव्या हाताच्या बोळात. तिथं सूत रंगवणाऱ्यांनी ओल्या लडी बांबूंवर वाळत टाकल्या होत्या, बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी मान खाली घातली आणि गेले त्यातून. मागून कुणीतरी तेलुगूत शिव्या देत होतं. बाहेर पडले तेव्हा डोकं, खांदा, आईचं लुगडं, सगळं लालभडक. आणि तिथं सायकलची चेन पडली.

पुरुष असता तर चेन बसवत बसला असता. मी सायकल पानाच्या टपरीला टेकवली, हँडलला बांधलेल्या आप्पांच्या पंच्याची चुंबळ केली, डबा डोक्यावर घेतला आणि पळत सुटले. जन्मभर नळावरून घागरी आणल्या होत्या, डोक्यावरच्या वजनाचं मला काय कौतुक! काष्टा घट्ट होता म्हणून पळता आलं. त्या दिवशी मला आईचा काष्टा कळला.

धाकटीच्या जिन्यात पोचले तेव्हा ऑपरेटर दारातच हात पुढं करून उभा होता. बर्फाच्या रिळाची शेपूट मशीनमध्ये वळवळत होती. त्यानं दुसऱ्या मशीनवर उडीचं रीळ लावलं, आणि पडद्यावर लाल गाडी आली. पांढरा पडला नाही. एक क्षणही नाही!

पण हाश्श करायलाही फुरसत नव्हती. मी बर्फाचं रीळ उलटं गुंडाळून घेतलं, टपरीवर चेन बसवून घेतली आणि थोरलीकडं निघाले. तिथं इंटरवल इतका लांबला होता की लोकांनी खारे दाणेसुद्धा संपवले होते. चाचांनी माझ्या हातातून डबा हिसकावला. मी शेवटच्या रिळाकडं हात नेला, म्हटलं हेही आत्ताच नेऊन टाकते, तर त्यांनी डब्यावर बूट ठेवला. "आता एक बी नेलीस तर खुर्च्या तुटतेत. यहां चलनेके बाद."

म्हणजे थोरलीत आता बर्फाचं रीळ चालणार, मग शेवटचं चालणार, आणि मग ते मला मिळणार. आणि धाकटीत उडीचं रीळ तर केव्हाच संपून जाणार. मला हिशेब कळला. एवढी धावपळ केली आणि शेवटी पडदा पांढरा पडणारच. मी केबिनच्या पायरीवर बसले आणि ढसाढसा रडले. आतून चाचा काहीतरी समजूत घालत होते. मला ऐकायचंच नव्हतं. मला दिसत होते ते आप्पा, इस्त्रीच्या सदऱ्यात, पांढऱ्या पडद्यासमोर, आणि मागून लोक रीळवाल्याच्या नावानं ओरडतायत.

शेवटचं रीळ मिळालं तशी मी निघाले. आता घाई करून उपयोग नव्हता, तरी केली. धाकटीच्या कोपऱ्यावर आले आणि कान टवकारले. दंगा ऐकू येईल असं वाटलं होतं. पण आतून लाल गाडीचा हॉर्न येत होता. आणि लोकांचं हसणं.

मी जिना चढले. "हे काय? अजून तेच रीळ?"

ऑपरेटर घामानं भिजला होता आणि हसत होता. "वन्समोर झाला, अक्का. दोनदा."

मग त्यानं सांगितलं ते असं. इथल्या लोकांनी बर्फाचं रीळ आधी बघितलं होतं, त्यामुळं त्यांना माहीत होतं की गाडीत काहीच नाही. हिरे बर्फात आणि पोलीस गाडीमागं! गाडी मासळीबाजारात शिरली, बर्फाच्या लाद्या रस्त्यावर घसरल्या, तसा आख्खा थर्डक्लास ओरडायला लागला, "अरे गाढवांनो, पायाखाली बघा की!" थोरलीत लोकांनी जे श्वास रोखून बघितलं, ते धाकटीत लोकांनी पोट धरधरून बघितलं. उडी झाली, रीळ संपलं, आणि पहिल्या रांगेतून एक म्हातारा उभा राहिला आणि जोरात ओरडला, "वन्समोर!"

"कोण म्हातारा?" मी विचारलं. मला कळलं होतं, तरी विचारलं.

"तुझे आप्पा. टोपी काढून हवेत फिरवत होते. पब्लिकनं लगेच उचलून धरलं."

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा पब्लिक दमलेलं. लोक म्हनत होते, बास, म्होरचं दावा. तर हे बाकावर चढले! एकटेच टाळ्या वाजवतात आनि ओरडतात, वन्समोर, वन्समोर. कुनीच साथ देईना. तरी थांबेनात. शेवटी लोकांनाच गंमत वाटली, आनि मग सगळेच ओरडले."

मी भोकाला डोळा लावला. आप्पा पुढं बसले होते, मान वर करून. ज्या माणसानं जन्मभर वन्समोरला शिव्या घातल्या, त्यानं बाकावर चढून तो मागितला होता. बर्फाचं रीळ आधी आलं तेव्हाच त्यांनी ओळखलं असणार की थोरलीत वन्समोर झालाय, पोरीनं ओळ फिरवलीय, आणि आता शेवटचं रीळ यायला उशीर होणार. वेळेचा सगळा हिशेब त्यांनी त्या अंधारात बसून केला होता. मला इतका अभिमान वाटला, इतका, की मी त्या ऑपरेटरला धपकन पाठीत एक दिली. तो बिचारा म्हणाला, "मी काय केलं?"

शेवटचं रीळ लागलं. मी खाली जाऊन आप्पांशेजारी बसले. बोटीवर ती बाई टबात बर्फ टाकते, बर्फ वितळतो आणि तळाशी हिरे चमकतात. आप्पा पुढं वाकून बघत होते. त्यांना ते हिरे नीट दिसले का, मला माहीत नाही. ते म्हणाले, "लई झकास."

घरी जाताना मी सायकल हातात धरून चालत होते आणि त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. मी म्हटलं, "माझ्यासाठी ओरडलात व्हय, आप्पा?"

"छट्!" ते म्हणाले. "उडी चांगली हाय की. तुझ्यासाठी कशाला वरडंन?"

दारात आईनं लुगड्याचा लाल रंग बघितला आणि किंचाळली, तिला वाटलं रक्तच. मग तिनं विचारलं, "पांढरा पडला का?" आप्पा म्हणाले, "न्हाय." आई आत गेली आणि तिनं गूळ आणून माझ्या हातावर ठेवला. नळावर मग महिनाभर नुसती माझीच गोष्ट चालली होती.

ऑपरेशन झालं. एका डोळ्याला जाड चष्म्यानं दिसायला लागलं, दुसऱ्याला नाही. सायकल त्यांनी परत चालवली नाही, आणि पिक्चरलाही परत बसले नाहीत. म्हणायचे, एक पुरा बघितला, बास झालं. मी पुढं शिक्षिका झाले, मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाले, हार-नारळ पुष्कळ मिळाले. पण मला अजून जे सांगायचंय, ते पट्टी सुटायच्या आधीचं आहे.

मी रोज त्याच सायकलवर दवाखान्यात जेवणाचा डबा नेत होते. त्या वॉर्डात सगळेच डोळ्यांचे पेशंट, सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या. एक दिवस मी सायकल खिडकीखाली लावली तर आतून आप्पांचा आवाज. ते लाल गाडीचा पिक्चर सांगत होते. आणि कुठल्या ओळीनं? माझ्या! आधी बर्फ, मग पळापळ. गाडी मासळीबाजारात शिरली तसा एक म्हातारा पेशंट ओरडला, "आरं पायाखाली बघा की!" गाडी धक्क्यावर आली, उडाली, बोटीवर पडली, आणि आप्पा थांबले. आंधळ्या पट्ट्या बांधलेली ती सगळी माणसं खाटांवर उठून बसली आणि हात वर करून ओरडायला लागली, "वन्समोर! वन्समोर!"

मी दारात उभी राहिले, डबा हातात. आप्पांना मी दिसत नव्हते. पण खाली सायकलचं स्टँड वाजलेलं त्यांनी ऐकलं असणार. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"आता वन्समोर न्हाय," ते म्हणाले. "म्होरचं रीळ आलंय. माझी पोरगी घेऊन आलीय."